कडत, किल्ली आणि वर्गणी : मराठी संगणकीय संहितेच्या वाचनाधिकाराचा इतिहास

म्हैसूर शहराच्या जुन्या वस्त्यांना आजही मोहल्ला म्हणतात. देवराज, कृष्णराज, चामराज ही नावे राजघराण्यातली, मंडी मोहल्ला बाजाराचा आणि लष्कर मोहल्ला सैन्याचा. कन्नड शहराच्या मध्यभागी असलेले हे शेवटचे नाव मराठी वाचकाला परके वाटत नाही. पुण्याच्या कँपाला मराठीत लष्करच म्हणतात. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या छावणीभोवती जे शहर वाढले त्याचेही नाव लष्कर. फारसीतून आलेला हा शब्द छावण्यांबरोबर फिरला आणि छावण्या उठल्यावरही जागेला चिकटून राहिला. आज लष्कर मोहल्ल्याची ओळख अशोक रस्त्यावरील सेंट फिलोमिना चर्चमुळे आहे. त्याची पायाभरणी १९३३ साली महाराजा नालवडी कृष्णराज वडियार यांनी केली. जवळचाच मोठा रस्ता बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाने ओळखला जातो. मराठी नावे या शहरात अशी रस्त्यावर दिसतात. मराठी अक्षरे मात्र दप्तरखान्यात शोधावी लागतात.

लष्कराबरोबर नेहमी दुसरेही एक पथक चालत असे, ते म्हणजे कारकुनांचे. म्हैसूरच्या महसुली कारभारात हैदर अलीच्या काळात हिशोब कन्नडबरोबर मराठीतही ठेवले जात. टिपूच्या राजवटीत फारसीला अग्रमान मिळाला. १७९९ नंतर दिवाण पूर्णय्यांच्या कारकिर्दीत जुनी पद्धत पुन्हा वर आली. १८३१ ते १८८१ या इंग्रज कमिशनच्या अर्धशतकात मराठीची जागा हळूहळू कन्नड आणि इंग्रजीने घेतली. राजकीय इतिहासात या घटनेला एखाद्या ओळीपलीकडे स्थान मिळालेले नाही, आणि तिच्यामुळे कोणी दंगा केल्याचेही दिसत नाही. परंतु तिचा परिणाम दूरगामी होता. कागद जिथल्या तिथे राहिले, त्यांची मालकीही बदलली नाही, आणि तरीही दोन-तीन पिढ्यांत ते ज्यांच्या ताब्यात होते त्यांनाच वाचता येईनासे झाले.

याच प्रदेशात हिशोबासाठी कडत वापरण्याची पद्धत होती. चिंचोक्यांच्या खळीत कोळशाची पूड कालवून कापडाच्या लांब पट्टीला तिचा लेप द्यायचा, ती घडीवर घडी घालून वहीसारखी मिटायची आणि शंखजिऱ्याच्या पांढऱ्या कांडीने तिच्यावर लिहायचे, असे त्याचे स्वरूप होते. म्हैसूरचे रेसिडेंट राहिलेले मार्क विल्क्स यांनी दक्षिण भारताच्या आपल्या इतिहासात (पहिला खंड १८१०) त्याचे वर्णन केले आहे. कडतावरचे लेखन पुसता येई आणि पुन्हा लिहिता येई, तरीही जपले तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिके. पुढे कन्नडमध्ये सरकारी फायलीला कडत हाच शब्द रूढ झाला, आणि संगणक आल्यावर संगणकातल्या फाईललाही तोच चालू लागला. मराठीला असा सलग शब्द लाभला नाही. रुमाल आणि दप्तर मागे पडले, शासनाने नस्ती स्वीकारली, संगणकाच्या परिभाषेत धारिका सुचवली गेली, आणि लोक फाईल म्हणत राहिले. कन्नड शब्दात जी सलगता आहे ती विचारातही ठेवण्यासारखी आहे. कडतापासून संगणकीय फाईलपर्यंत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : लेखन ज्याचे आहे त्याला ते उघडून वाचता येते का, आणि तसे वाचता येणे कोणाच्या हाती असते?

मोडीचा अनुभव या प्रश्नाचे पहिले उत्तर देतो. पेशवे दप्तरातील रुमाल पुण्यात सुरक्षित होते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले, तेव्हा मोडी वाचणारी माणसे अजून गावोगावी होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळेतून आणि कचेरीतून मोडी गेली. तेव्हापासून जमिनीचा जुना कागद घरात असलेल्या कुटुंबालाही तो वाचून घेण्यासाठी जाणकाराकडे जावे लागते, आणि त्याचे शुल्क द्यावे लागते. येथे कोणी कुलूप लावले नव्हते. किल्ली फक्त हातोहात पुढे गेली नाही. उलट उदाहरणही म्हैसूरचेच आहे. १९०५ साली येथील प्राच्य ग्रंथालयात तंजावरकडच्या एका पंडिताने आणून दिलेली ग्रंथ लिपीतील ताडपत्रे आर. शामशास्त्री यांच्या हाती पडली आणि कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली छापून प्रसिद्ध झाले. लिपी उघड होती, ती जाणणारा विद्वान त्या खुर्चीवर बसलेला होता आणि वाचण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. यांतील एकही गोष्ट नसती तर ती पोथी पोथीच राहिली असती.

लेखनाची मालकी, त्याचा ताबा आणि त्याचे वाचन या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, हे यावरून ध्यानात येते. मुद्रणयुगात हा भेद काही काळ झाकला गेला होता. छापील पुस्तक ज्याच्या हातात आहे त्याला ते वाचता येत असे. मात्र छापखान्याच्या आत स्थिती वेगळी होती. जुळाऱ्याने जुळवलेले खिळे फर्मा छापून झाला की सोडले जात आणि पुन्हा खणाखणांत टाकले जात. शिसे महाग असल्यामुळे जुळवलेला मजकूर तसाच उभा ठेवणे बहुतेक मराठी प्रकाशकांना परवडत नसे. म्हणून दुसऱ्या आवृत्तीसाठी सगळे पुस्तक पुन्हा जुळवावे लागे, पुन्हा मुद्रिते तपासावी लागत, आणि प्रत्येक आवृत्तीत नव्या चुका शिरत. मराठी ग्रंथांच्या पाठभेदांचा मोठा भाग या व्यवहारातून आलेला आहे. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांनी त्याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही गोष्ट येथे ओघाने नोंदवण्यासारखी आहे. संगणक आला तेव्हा त्याने प्रकाशकाला दिलेले सर्वांत मोठे आश्वासन याच संदर्भातले होते : मजकूर एकदा जुळवला की कायमचा राहील.

ते आश्वासन का फसले, हे समजण्यासाठी मराठी अक्षर संगणकात कसे साठवले गेले याच्या तपशिलात शिरावे लागते. भारतीय लिप्यांसाठीचे पायाभूत संशोधन आयआयटी कानपूर येथे झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ या नावाने ते पुढे नेले. त्यातून ‘इस्की’ ही संकेतप्रणाली सिद्ध झाली. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने तिला आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. इस्कीची कल्पना भाषिकदृष्ट्या फार सुंदर होती. ब्राह्मीकुलातील सर्व लिप्यांना तिने एकच संकेतमाला दिली. देवनागरीतला क आणि कन्नडमधला क यांचा संकेत एकच, फक्त पडद्यावरचे रूप निराळे. त्यामुळे मराठी मजकूर एका आज्ञेने कन्नड लिपीत दाखवता येत असे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यापेक्षा सोयीची रचना सुचणे कठीण आहे. १९९१ सालीच पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोडने देवनागरी, कन्नड आदी लिप्यांना स्वतंत्र दालने दिली, पण त्या दालनांतील अक्षरांचा क्रम इस्कीच्या पूर्वीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतला.

मानक होते, पण व्यवहार त्याच्या बाजूने चालला. विंडोजवर चालणाऱ्या पेजमेकरसारख्या आज्ञावलींना इस्की समजत नव्हती. त्यांना फक्त रोमन अक्षरांचे टंक समजत होते. तेव्हा मराठी व्यवसायाने युक्ती केली. रोमन टंकातील दोनशेच्या आसपास जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले : कुठे अर्धा त, कुठे काना, कुठे रफार, कुठे क्ष. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे. यंत्राच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ असे. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती, खुद्द सी-डॅकची आयएसएम आणि विनामूल्य वाटला गेलेला शुषा यांपैकी प्रत्येकाने तुकडे आपापल्या जागी बसवले. एका घराण्याचा टंक लावलेला मजकूर दुसऱ्या घराण्याच्या टंकात टाकला की त्यातून काहीच अर्थ निघत नसे. व्यापारी स्पर्धेचा हा परिणाम होता, पण त्यात कपट होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पानावर अक्षर सुबक यावे हीच तेव्हाची मागणी होती, आणि जोडाक्षरांच्या बाबतीत या टंकांनी ती उत्तम रीतीने भागवली. मजकूर वीस वर्षांनी कोणी शोधील, मोजील किंवा दुसऱ्या यंत्रात नेईल, असा विचार ग्राहकाच्याही मनात नव्हता.

या व्यवस्थेला एक भौतिक रूपही होते. अनेक व्यावसायिक पॅकेजांसोबत संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या जोडणीत बसवायचे एक लहानसे हार्डवेअर लॉक मिळत असे. त्याला सर्वजण डोंगल म्हणत. ते जोडलेले नसेल तर आज्ञावली चालत नसे. मोजक्या डोंगलवर अनेक संगणक चालवायचे म्हणजे ती वस्तू या टेबलावरून त्या टेबलावर फिरवावी लागे. पुढे संगणकांवरून प्रिंटरची जुनी जोडणीच नाहीशी झाली, आणि ज्यांच्याकडे तशी डोंगले होती त्यांना नवे संस्करण विकत घेण्यावाचून मार्ग उरला नाही. हे सर्व घडत होते तेव्हा वर्गणी हा शब्दही या व्यवहारात नव्हता. ग्राहकाने एकरकमी पैसे देऊन आज्ञावली ‘कायमची’ घेतलेली होती.

ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. मासिक वर्गणीच्या आज्ञावलींविषयी आज जगभर जी तक्रार ऐकू येते तिचा सूर असा असतो की पूर्वी वस्तू विकत मिळे, आता ती भाड्याने मिळते, आणि म्हणून स्वतःच्या लेखनावरचा हक्क गेला. मराठीचा अनुभव या मांडणीला बसत नाही. येथे हक्क गेला तो विकत घेण्याच्याच काळात, कारण कुलूप पैशाच्या पद्धतीत नव्हते, संकेताच्या गुप्ततेत होते. एखाद्या कादंबरीकाराने १९९८ साली आपली कादंबरी डीटीपीवाल्याकडून जुळवून घेतली, फ्लॉपीवर प्रत घेतली, आणि ती फ्लॉपीतून पुढे सीडीवर आणि सीडीतून नव्या संगणकावर नीट जपली, असे समजा. त्याच्याकडे फाईल आहे. ती त्याची आहे, याविषयी कोणाचा वाद नाही. पण ती उघडण्यासाठी पेजमेकर हवे, ते चालणारी जुनी विंडोज हवी, त्या घराण्याचा नेमका टंक हवा आणि बहुधा डोंगलही हवे. चारांपैकी एक नसेल तर मजकूर मोडीच्या कागदासारखा होतो, आणि मोडी वाचायला शिकवणारे वर्ग तरी निघाले आहेत.

अशा मजकुराला पुन्हा मराठी करण्याचा उपाय म्हणजे रूपांतर. प्रत्येक टंकाचा नकाशा तयार करून तुकड्यातुकड्याला योग्य युनिकोड संकेत द्यावा लागतो. वरवर सोपे वाटणारे हे काम मराठीच्या लेखनपद्धतीमुळे गुंतागुंतीचे होते. जुन्या टंकांत र्‍हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी, साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. रफार जुन्या टंकांत अक्षराच्या शेवटी लावलेला असतो, युनिकोडमध्ये तो आरंभी जातो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद ज्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या रवर उभा आहे तो जुन्या टंकात स्वतंत्र तुकडा होता. हिंदीसाठी लिहिलेल्या रूपांतरकाला त्याची गरजच माहीत नसते. परिणामी रूपांतरित मजकुरात जेथे नेमका मराठीचा विशेष आहे तेथेच चुका साचतात, आणि त्या शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीलाही सापडत नाहीत, कारण दोन्ही शब्द मराठीत आहेत. म्हणून मुद्रितशोधकाला सर्व पुस्तक पुन्हा वाचावे लागते. खिळ्यांच्या काळातील पुनर्जुळणीचे श्रम अशा रीतीने वेगळ्या वाटेने परत आले.

या कामाचा मोठा अध्याय म्हैसूरशी जोडलेला आहे. लष्कर मोहल्ल्यापासून शहराच्या दुसऱ्या अंगाला मानसगंगोत्रीच्या परिसरात भारतीय भाषा संस्थान आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक देवीप्रसन्न पटनायक होते. १९९१ पासून केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने भारतीय भाषांचे यंत्रवाच्य शब्दसंचय तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात मराठी आणि गुजरातीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे होते, आणि कन्नड, तेलुगू, तमिळ व मल्याळम म्हैसूरकडे. पुढे हे संचय म्हैसूरला एकत्र आले. मराठीच्या पहिल्या मोठ्या यंत्रवाच्य संचयाचा मुक्काम अशा रीतीने कन्नड प्रदेशात पडला, हा योगायोग मोडी दप्तरांची आठवण देणारा आहे. इंग्लंडमधील लँकेस्टर आणि शेफील्ड विद्यापीठांच्या ‘एमिल’ प्रकल्पाने (२००० ते २००३) म्हैसूरच्या संस्थेशी सहकार्य केले, आणि चौदा दक्षिण आशियाई भाषांचा सुमारे ९ कोटी २० लाख शब्दांचा संचय युनिकोडमध्ये सिद्ध झाला. त्यासाठी लँकेस्टरच्या अँड्र्यू हार्डी यांना जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये नेणारी स्वतंत्र आज्ञावली लिहावी लागली. या प्रकल्पातील एक गोष्ट बोलकी आहे. म्हैसूरचे इस्कीतील संचय नियमाने रूपांतरित होऊ शकत होते, कारण इस्कीचे मानक छापून प्रसिद्ध झालेले होते. संकेतस्थळांवरून घेतलेल्या मजकुरासाठी मात्र प्रत्येक टंकाचा नकाशा वेगळा मांडावा लागला. उघड मानक आणि खाजगी संकेत यांच्यातील फरक येथे श्रमाच्या रूपाने दिसतो.

दरम्यान सामान्य संगणकावरील मराठीची स्थिती सुधारत होती. २००० साली आलेल्या विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी अंगभूत होती. तिच्यासोबतचा मंगल हा टंक कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक म्हणून जाहीर केले. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाचा मराठी वर्णमालेविषयीचा निर्णय निघाला. पत्रव्यवहार आणि आंतरजाल युनिकोडकडे वळले, परंतु पुस्तकांची पाने मात्र जुन्या टंकांतच लागत राहिली. कारण पाने लावणाऱ्या आज्ञावलींना युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नव्हती. पेजमेकरची शेवटची सातवी आवृत्ती २००१ साली निघाली होती आणि २००४ नंतर तिचा विकास थांबला होता. मराठी डीटीपी त्यानंतरही कित्येक वर्षे तिच्यावर चालले.

अॅडोबीच्या इनडिझाईनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी सर्वसाधारण वापरकर्त्याला मिळाली ती २०१२ सालच्या सीएस-६ या आवृत्तीत. वीस वर्षे ज्याची वाट पाहिली ते शक्य झाले : पुस्तकाचे पान आणि युनिकोड मजकूर एकाच फाईलीत. आणि नेमक्या पुढच्याच वर्षी, मे २०१३ मध्ये, कंपनीने जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. मराठी अक्षर टंकाच्या कुलुपातून सुटले त्याच सुमारास पानाला भाडे लागू झाले. सीएस-६ हे या इतिहासातील विचित्र सांध्याचे नाव आहे. पेजमेकरच्या फायली उघडणारी इनडिझाईनची ती शेवटची आवृत्ती. वर्गणीच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. तिची विक्री २०१७ साली थांबली. म्हणून जुनी पुस्तके नव्या व्यवस्थेत आणायची तर सीएस-६ असलेला एखादा जुना संगणक सांभाळून ठेवणे भाग पडते. कायमच्या परवान्यालाही दूरच्या यंत्राची मान्यता लागते, हेही याच काळात कळले. सीएस-२ चे परवाने तपासणारी यंत्रणा कंपनीने जानेवारी २०१३ च्या सुमारास बंद केली आणि जुन्या ग्राहकांना पर्यायी प्रती द्याव्या लागल्या.

वर्गणीच्या व्यवस्थेत फाईल जप्त होत नाही, हे सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसची वर्गणी संपली की दस्तऐवज वाचता आणि छापता येतो, पण त्यात बदल करता येत नाही आणि नवा तयार करता येत नाही. इनडिझाईनची वर्गणी संपली की फाईल संगणकावर राहते, पण ती उघडणारे साधन सुरू होत नाही. वर्गणी चालू असताना ती आदानप्रदानाच्या खुल्या रूपात काढून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. हे काम सहसा कोणी वेळेवर करत नाही. जे लेखन मुळातच कंपनीच्या दूरस्थ साठ्यात आहे त्याची अवस्था यापेक्षा नाजूक असते. तेथे पैसे भरलेले असूनही दार बंद होऊ शकते. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांचा आधार देऊन अॅडोबीने व्हेनेझुएलातील सर्व खाती बंद करण्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्यात सवलत मिळाल्यावर निर्णय मागे घेतला. भारतात असाच प्रसंग जुलै २०२५ मध्ये आला. युरोपीय संघाने १८ जुलै रोजी निर्बंध घातल्यानंतर, मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा खंडित झाल्या. आपलीच माहिती आपल्याला मिळेनाशी झाली आहे आणि परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले आहेत, असे म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या, त्यामुळे कायद्याचा निर्णय होण्याचे कारण उरले नाही. तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या कंपनीला न्यायालयाचे दार गाठता आले. कवितांची वही दूरस्थ साठ्यात ठेवणाऱ्या कवीला ते कसे गाठता येईल, हा विचार अस्थानी नाही.

कायद्याची स्थिती संमिश्र आहे. लेखकाचा कृतिस्वामित्व हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, पण तो हक्क आपल्याच कृतीची फाईल उघडून मिळण्याची हमी देत नाही. १९९९ च्या दुरुस्तीने एका आज्ञावलीचा दुसरीशी मेळ घालण्यासाठी आवश्यक ती माहिती काढण्याची मुभा दिली. २०१२ च्या दुरुस्तीने तांत्रिक कुलपे तोडणे हा गुन्हा ठरवला, तो मात्र हक्कभंगाच्या हेतूने केले असेल तरच. आपला मजकूर सोडवण्यासाठी टंकाचा नकाशा मांडणारा अभ्यासक त्यात सापडू नये. फायलींच्या स्वरूपाविषयी भारताने एकदा ठाम भूमिका घेतली होती : २००७ साली मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवज स्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानक करण्याच्या प्रस्तावाविरुद्ध भारताने मत दिले. ते स्वरूप २००८ मध्ये मानक झालेच; खुले दस्तऐवज स्वरूप त्याआधी २००६ मध्ये झाले होते. २०१० साली केंद्राने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. ही सर्व धोरणे सरकारी कागदांना उद्देशून होती. साहित्याचा कागद त्यांच्या कक्षेत कधी आला नाही.

साहित्याभ्यासाच्या दृष्टीने यातील खरी हानी कोणती? छापील पुस्तक तर ग्रंथालयात आहे. त्याची छायाप्रत घेऊन यंत्राकडून अक्षरओळख करवता येते, आणि देवनागरीसाठी ती साधने अलीकडे बरीच सुधारली आहेत. हानी आहे ती छापील पुस्तकाच्या अलीकडच्या अवस्थांची. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील लेखकाचे हस्तलिखित, त्यावरील खाडाखोड, मुद्रितांवरील दुरुस्त्या या कागदावर असत आणि नशिबाने टिकल्या तर अभ्यासकाला मिळत. १९९० नंतरच्या दोन दशकांत हा व्यवहार फाईलीत गेला. शेवटच्या दुरुस्त्या डीटीपीच्या टेबलावर झाल्या, त्या लेखकाच्या हस्तलिखितात नाहीत. नियतकालिकांचे अंक, दिवाळी अंक, चर्चासत्रांचे निबंधसंग्रह, छोट्या प्रकाशकांची भाषांतरे यांच्या मूळ संहिता याच काळातल्या आहेत. मराठी-कन्नड भाषांतरांच्या अभ्यासकाला मराठी फाईल एका टंकघराण्यात आणि कन्नड फाईल दुसऱ्यात मिळाली, तर दोन्ही ओळीला ओळ लावून पाहण्यापूर्वीच दोन स्वतंत्र रूपांतरे करावी लागतात. इस्कीने जी गोष्ट एका आज्ञेवर आणून ठेवली होती ती आणखी दूर गेली.

खुल्या संकेतातही प्रश्न संपत नाहीत, पण त्यांची जात निराळी असते. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लिहिलेल्या मजकुरात तेच अक्षर अ आणि अर्धचंद्र असे दोन संकेत जोडून साठवलेले आहे, आणि काही जण आजही तसेच लिहितात. दोन्ही रूपे डोळ्यांना जवळजवळ सारखी दिसतात, पण शोधयंत्राला ती वेगळी वाटतात. त्यामुळे एखाद्या संचयात ‘ॲरिस्टॉटल’ किती वेळा आला हे मोजणाऱ्याच्या हाती अर्धीच संख्या लागू शकते. ‘ऱ्य’सारख्या अक्षरांचेही असेच आहे; अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली तेव्हा तिच्याही बाबतीत असे प्रश्न उपस्थित होणे अपरिहार्य होते, कारण तिच्या जोडणीत एकेका अक्षराला अनेक वळणे आहेत. फरक इतकाच की या संकेतांचे तक्ते प्रसिद्ध आहेत. म्हैसूरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला चार ओळींची आज्ञा लिहून दोन रूपांचे एक करता येते. त्यासाठी त्याला कोणाची वर्गणी भरावी लागत नाही आणि कोणाकडून डोंगलही आणावे लागत नाही.